सायकल मार्गांसाठी सरकारी निधी: जाळ्याच्या आराखड्यापासून विनियोग प्रमाणपत्रापर्यंत

आपल्या गावात किंवा शहरात शाळा, बाजार, एसटी स्थानक आणि कामाची ठिकाणे जोडणारे सुरक्षित सायकल मार्ग व्हावेत असे वाटणारा नगरसेवक, मुख्याधिकारी, सरपंच किंवा नागरिकांचा गट सुरुवातीला एकच प्रश्न विचारतो: यासाठी सरकारची योजना कोणती? केवळ सायकल मार्गांसाठी राखलेले आणि दरवर्षी अर्ज मागवणारे अनुदान शोधत राहिल्यास वर्षे निघून जातात आणि हाती काही लागत नाही. महाराष्ट्रात सायकल मार्गांना आजवर मिळालेला बहुतेक पैसा रस्ते, हवेची गुणवत्ता, स्मार्ट सिटी, पर्यटन, स्थानिक विकास अशा दुसऱ्याच नावांच्या लेखाशीर्षांतून, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाच्या ठरावीक शीर्षकांतून, आलेला आहे. म्हणून आधी मार्गांचे संपूर्ण जाळे आखून त्याला सभागृहाची मंजुरी घ्यावी आणि मग त्या जाळ्याचा एकेक भाग ज्या लेखाशीर्षात बसेल त्यात बसवावा, हीच पद्धत टिकाऊ ठरते. हा लेख त्या पद्धतीचा आहे.

उलट क्रमाने काय होते, हे पुण्यात पाहायला मिळाले. २००५ च्या डिसेंबरमध्ये केंद्राचे जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले आणि पाठोपाठ २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांची ने-आण हा वाहतूक नियोजनाचा पाया मानला. निधी उपलब्ध झाला, बीआरटीच्या (बससाठी राखीव मार्गिका असलेल्या) रस्त्यांलगत सायकल मार्गही बांधले गेले. परंतु त्यांतले अनेक तुकडे एकमेकांना जोडलेले नव्हते, चौक आला की मार्ग संपत असे आणि मधल्या झाडांना, खांबांना वळसा कसा घालायचा याचे उत्तर नव्हते. सर्वंकष सायकल आराखडा महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत मंजूर झाला तो २०१७ च्या अखेरीस, म्हणजे पहिल्या मार्गांनंतर सुमारे दहा वर्षांनी. लहान शहरांना ही दहा वर्षे वाचवता येतील.

पहिला टप्पा: जाळे आखणे आणि ठराव करून घेणे

जाळ्याचा आराखडा म्हणजे लाखो रुपयांचा सल्लागार नेमून केलेला जाडजूड अहवाल असलाच पाहिजे, असे नाही. पन्नास हजार ते लाखभर वस्तीच्या नगरपरिषदेसाठी विकास आराखड्याचा नकाशा, शाळा आणि महाविद्यालयांची यादी, औद्योगिक वसाहत, भाजी मंडई, रुग्णालये, एसटी आणि रेल्वे स्थानक एवढे साहित्य पुरते. नकाशावर ही ठिकाणे मांडावीत, त्यांना जोडणारे रस्ते रंगवावेत आणि प्रत्येक रस्त्यासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: विकास आराखड्यातील रुंदी, प्रत्यक्ष जागेवर मिळणारी रुंदी आणि रस्त्याची मालकी. मालकीचा रकाना बहुतेक प्रस्तावांत राहून जातो आणि पुढे नेमकी फाइल तिथेच अडते. शहरातून जाणारा राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो, कालव्याकाठचा सेवा रस्ता जलसंपदा विभागाचा असतो, स्थानकासमोरची जागा रेल्वेची किंवा एसटी महामंडळाची असते. ज्या जागेवर आपला ताबा नाही तिथे पैसा खर्च करायला कोणतेही लेखाशीर्ष परवानगी देत नाही.

रस्ते निवडताना प्रत्येक रस्त्यावर वेगळा मार्ग मागण्याचा मोह टाळावा. रुंद आणि वेगवान रहदारीच्या रस्त्यांवर कठड्याने किंवा उंचीने वेगळा केलेला मार्ग हवाच. अरुंद पेठांमध्ये मात्र वाहनांचा वेग कमी करणारे उंचवटे, एकेरी वाहतूक आणि पार्किंगची शिस्त एवढ्यानेही सायकलस्वाराला सुरक्षितता मिळते आणि त्याचा खर्च फारच कमी असतो. ज्या आराखड्यात हा फरक केलेला असतो तो तपासणाऱ्या अभियंत्याला विश्वासार्ह वाटतो.

आराखडा तयार झाला की तो सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आणून त्यावर ठराव घ्यावा. ठरावात तीन बाबी स्पष्ट असाव्यात: जाळ्याला तत्त्वतः मान्यता, त्यातील पहिल्या टप्प्याच्या मार्गांची नावे, आणि पुढील देखभालीचा खर्च स्थानिक संस्था स्वतःच्या उत्पन्नातून करील ही हमी. सभागृह अस्तित्वात नसेल आणि प्रशासक कारभार पाहत असेल तर प्रशासकीय ठरावही चालतो. ठरावाची प्रमाणित प्रत पुढे प्रत्येक अर्जाला जोडावी लागते, त्यामुळे तिचा मसुदा आपण स्वतः लिहून कार्यालयाला द्यावा.

दुसरा टप्पा: मोजणी

सायकली आता कोण चालवतो, हा प्रश्न बैठकीत विचारला जाणारच. त्याला भाषणाने उत्तर देता येत नाही, तक्त्याने देता येते. शाळा सुरू असतानाच्या दोन साध्या दिवशी, सकाळी सात ते दहा आणि दुपारी चार ते सात या वेळेत, निवडलेल्या चौकांत दर पंधरा मिनिटांनी सायकली, दुचाकी, रिक्षा, मोटारी, बस आणि पादचारी यांची नोंद घ्यावी. सायकलस्वारांत विद्यार्थिनी, विद्यार्थी, कामगार, फेरीवाले आणि ज्येष्ठ अशी वेगळी खूण करावी. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतात आणि त्यांच्या प्राध्यापकांची सही असलेला तक्ता कार्यालयात ग्राह्य धरला जातो.

पहाटे भाजीच्या करंड्या घेऊन मंडईकडे जाणारा विक्रेता, गिरणीत रात्रपाळी संपवून परतणारा कामगार, दूध घालणारा मुलगा हे सकाळी सातच्या आधीच रस्त्यावरून गेलेले असतात. औद्योगिक वसाहत किंवा घाऊक बाजार असलेल्या गावात मोजणी पहाटे पाचपासून सुरू करावी, नाहीतर सायकलवर सर्वांत जास्त अवलंबून असलेली माणसेच तक्त्यातून गळतात. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन आणि अंतर यांची जिल्हानिहाय आकडेवारी आहे. ती जुनी असली तरी सरकारी आहे, आणि आपल्या मोजणीशेजारी तिला जागा द्यावी.

ग्रामीण भागात आणखी एक भक्कम आधार मिळतो. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. सायकल शासनाने द्यायची आणि ती चालवायला मात्र भरधाव ट्रकांच्या रस्त्याची कड, ही विसंगती प्रस्तावात नम्रपणे पण ठामपणे मांडावी. शाळेच्या दप्तरातून सायकली मिळालेल्या मुलींची संख्या आणि त्यांची गावे घ्यावीत, ती नकाशावर मांडावीत. कोणत्या रस्त्यावर मार्ग हवा हे तो नकाशा पाहणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तिसरा टप्पा: जागा, झाडे, पाणी

निधी मंजूर होऊनही मार्ग रद्द होण्याचे सर्वांत ठळक उदाहरण पवईचे आहे. पवई तलावाकाठी मुंबई महापालिकेने हाती घेतलेले सायकल आणि जॉगिंग मार्गाचे काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवले आणि जागा पूर्ववत करण्याचे आदेश दिले. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांचा भंग हा त्यातला मुख्य मुद्दा होता. तलावाकाठ, नदीकाठ आणि खाडीकाठ सायकल मार्गासाठी मोकळे आणि सुंदर दिसतात, जमीन संपादित करावी लागत नाही, म्हणून कार्यालयांचा ओढा तिकडे असतो. माझे स्पष्ट मत आहे की जाळ्याची सुरुवात तिथून करू नये. एक तर कायदेशीर अडचणी तिथेच सर्वाधिक असतात आणि दुसरे म्हणजे तो मार्ग रविवारच्या फेरफटक्याचा होतो. शाळेला किंवा कामाला जाणाऱ्या माणसाला तलावाभोवती फिरायचे नसते.

तरीही असा भाग घ्यायचाच असेल तर पाणथळ जागेची स्थिती, नदीची पूररेषा, किनारी भागात सागरी किनारा नियमन क्षेत्र यांची तपासणी अंदाजपत्रकाच्या आधी करावी. शहरात झाड तोडायचे किंवा हलवायचे असेल तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शक्यतो झाड जागेवर ठेवून मार्गच वळवावा, कारण महाराष्ट्रातल्या उन्हात सावलीशिवाय सायकल मार्ग दुपारी ओसच राहतो. महावितरणचे खांब आणि पेट्या, पाण्याच्या वाहिन्यांवरची झाकणे, दूरध्वनीच्या केबल यांची यादी जागेवर चालत जाऊन करावी आणि त्या हलवण्याचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा. तो दाखवला नाही तर ठेकेदार खांब मार्गाच्या मधोमध तसाच ठेवून काम पूर्ण झाल्याचे देयक सादर करतो.

चौथा टप्पा: आखणी आणि अंदाजपत्रक

आखणीसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची आयआरसी ११ ही संहिता आहे. तिची सुधारित आवृत्ती २०१५ ची आहे. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी आयआरसी १०३ आहे. प्रस्तावात या दोन्हींचा उल्लेख असला की तांत्रिक छाननीत फाइलवर शेरे कमी पडतात. एकेरी मार्गाची वापरात येणारी रुंदी दोन मीटरपेक्षा कमी ठेवू नये आणि दुहेरी मार्ग तीन मीटरपेक्षा अरुंद करू नये. वापरात येणारी म्हणजे गटाराची जाळी, कठडा आणि झाडाचा ओटा वगळून उरलेली. नुसता रंग मारलेला पट्टा बांधकामाला सोपा असला तरी त्यावर संध्याकाळपर्यंत मोटारी उभ्या राहतात, त्यामुळे मुख्य रस्त्यावर अशा पट्ट्यासाठी निधी मागणे मला योग्य वाटत नाही.

पृष्ठभाग हा नेहमी दुर्लक्षित राहणारा विषय आहे. पेव्हर ब्लॉक लावणे ठेकेदाराला सोयीचे असते आणि खोदाईनंतर ते परत बसवता येतात, पण सायकलला ते सतत हादरे देतात आणि दोन पावसाळ्यांत खचतात. डांबर किंवा सलग काँक्रीट यांपैकी एकाची निवड करून अंदाजपत्रकात तसे स्पष्ट लिहावे.

खरी कसोटी चौकात लागते, म्हणून प्रस्तावाला किमान एका चौकाचा मोठ्या प्रमाणातला नकाशा जोडावा. समजा, राज्य महामार्गाला शाळेचा रस्ता येऊन मिळतो असा तिठा आहे. तिथे सायकल मार्ग रस्त्याच्या पातळीवर उतरवण्याऐवजी मार्गाच्याच उंचीवर सलग पुढे न्यावा, जेणेकरून वळणाऱ्या वाहनाला चढ चढून, वेग कमी करून तो ओलांडावा लागेल. वळणाची त्रिज्या लहान ठेवावी, म्हणजे ट्रकला भरधाव वळता येत नाही. प्रवेशाच्या तोंडाशी लावलेल्या खांबांमध्ये दीड मीटरच्या आसपास मोकळी जागा ठेवावी; त्यातून सायकल आणि भाजीची हातगाडी जाते, मोटार जात नाही. मोटारसायकल मात्र त्यातून जातेच, आणि ती थांबवण्यासाठी खांब आणखी जवळ आणले तर तीनचाकी सायकल वापरणारी अपंग व्यक्ती बाहेर राहते. तेव्हा दुचाकींचा बंदोबस्त वाहतूक पोलिसांकडून करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी पोलिसांचे संमतिपत्र प्रस्तावालाच जोडलेले बरे. बसथांब्यापाशी मार्ग थांब्याच्या मागून न्यावा, म्हणजे उतरणारे प्रवासी आणि सायकलस्वार एकमेकांवर आदळत नाहीत.

अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीवर (कामांच्या सरकारी दरांच्या यादीवर) करावे. दीड किलोमीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दोन मीटरचा मार्ग म्हणजे सहा हजार चौरस मीटर पृष्ठभाग. एवढा साधा हिशेब करून ठेवला की कनिष्ठ अभियंत्याने मांडलेले आकडे तपासता येतात. पृष्ठभागाबरोबर कठडे, पावसाळी पाण्याचा निचरा, दिवे, फलक, चौकातली कामे, वाहिन्या हलवणे आणि सायकल उभ्या करण्याचे स्टँड हे सर्व स्वतंत्र बाबी म्हणून असावे. निधी कमी पडला की कात्री आधी दिव्यांवर आणि चौकांवर चालते, म्हणून त्यांना वेगळे काम न करता मुख्य कामाचाच भाग ठेवावे.

पाचवा टप्पा: कोणता पैसा, कोणत्या कामाला

इथे थोडे सावकाश जायला हवे, कारण प्रत्येक निधीची भाषा वेगळी आहे.

स्वतःचे अंदाजपत्रक हा पहिला स्रोत समजावा. बाहेरचा निधी देणारे कार्यालय तुमच्या संस्थेने स्वतः काय ठेवले आहे हे पाहते. महापालिकेत आयुक्त आपले अंदाजपत्रक साधारण जानेवारी ते मार्च या काळात स्थायी समितीला सादर करतात, परंतु विभागांकडून मागण्या त्याच्या कितीतरी आधी गोळा होतात. पुण्यात नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक २००६ च्या सुमारास सुरू झाले. त्यात नागरिक क्षेत्रीय कार्यालयाकडे कामे सुचवतात आणि एका कामाला ५ लाख रुपयांची मर्यादा ठरलेली आहे. एवढ्यात मार्ग होत नाही. पण तुटलेला दुवा जोडणे, उतार करणे, शाळेजवळ सायकल स्टँड, झाकणे समपातळीत आणणे अशी कामे होतात आणि अशा दहा कामांनी एखादा पडून असलेला मार्ग वापरात येतो.

जिल्हा वार्षिक योजना नगरपरिषदांसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. या योजनेतून जिल्हास्तरीय नगरोत्थान महाअभियानाची (शहरांतील पायाभूत सुविधांसाठीच्या राज्याच्या योजनेची) कामे होतात, त्यात रस्ते येतात, आणि म्हणून सायकल मार्ग ‘रस्त्याची सुधारणा, पदपथ आणि सायकल मार्गासह’ अशा नावाने मांडावा. स्वतंत्र सायकल मार्गाची फाइल ‘योजनेत बसत नाही’ या शेऱ्यासह परत येऊ शकते, तर रस्त्याच्या पूर्ण छेदाचा (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतच्या रचनेचा) भाग म्हणून तेच काम सरळ मंजूर होते. राज्यस्तरीय नगरोत्थान महाअभियान मोठ्या कामांसाठी आहे. तिथे सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो आणि संस्थेला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो. नगरपरिषदांसाठी वैशिष्ट्यपूर्ण कामांचे अर्थसहाय्यही आहे. हिश्शाचे प्रमाण चालू शासन निर्णयात पाहून ठरावात तेवढ्या रकमेची तरतूद करावी.

हवेसाठीचा निधी हा दुसरा मोठा मार्ग. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि त्यात महाराष्ट्रातील १९ शहरे आहेत. मुंबई, पुणे, नागपूर यांच्याबरोबर कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर, जालना, जळगाव, अकोला, अमरावती, चंद्रपूर ही शहरेही त्यात येतात. प्रत्येक शहराचा हवा कृती आराखडा असतो. आपला मार्ग त्या आराखड्यात नसेल तर निधी मिळत नाही, म्हणून आधी तो त्यात घालून घ्यावा. देशभर या निधीचा मोठा भाग रस्त्यावरची धूळ कमी करण्यावर खर्च झाला आहे. त्यावर टीका झाली असली तरी त्यातच आपल्याला एक वाट दिसते: डांबरी रस्त्याच्या कडेची कच्ची, मातीची पट्टी हीच धुळीचे एक मुख्य उगमस्थान असते, आणि ती पट्टी पक्की करून तिथे सायकल मार्ग आणि झाडांची ओळ केली तर ते काम धूळ नियंत्रणाच्या शीर्षाखालीही पूर्णपणे प्रामाणिकपणे बसते. या कार्यक्रमाची उद्दिष्टे आणि दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांसाठी पंधराव्या वित्त आयोगाने दिलेला हवेचा निधी हे दोन्ही २०२५-२६ पर्यंतच्या मुदतीत आखलेले होते, तर सोळाव्या वित्त आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. म्हणून अर्ज करताना चालू वर्षाच्या मार्गदर्शक सूचनांचा क्रमांक आणि दिनांक प्रस्तावात लिहावा.

माझी वसुंधरा अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पाच घटकांवर स्थानिक संस्थांना गुण मिळतात आणि चांगली कामगिरी करणाऱ्या संस्थांना बक्षिसाची रक्कम मिळते. ही रक्कम पर्यावरणाच्या कामांवर खर्च करायची असते. तुमच्या संस्थेला बक्षीस मिळाले असेल तर त्याच्या विनियोगाचा आराखडा मागून घ्या. पुष्कळदा ती रक्कम कारंजी आणि शिल्पांवर जाते, तीच सायकल मार्गासाठी वापरता येते.

आमदार आणि खासदार यांचे स्थानिक विकास निधी लहान पण वेगवान असतात. खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. काम सार्वजनिक जागेवरच असावे लागते, लोकप्रतिनिधी फक्त शिफारस करतात आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देते. या निधीतून संपूर्ण जाळे मागू नये. कालव्यावरचा एक छोटा सायकल पूल, दोन मार्गांमधला तीनशे मीटरचा दुवा, असे एका वर्षात पूर्ण होणारे काम मागावे. त्याचा लाभ नकाशावर लगेच दिसतो.

मेट्रो असलेल्या शहरांसाठी २०१७ चे मेट्रो रेल्वे धोरण वाचण्यासारखे आहे. स्थानकाभोवतीच्या ५ किलोमीटरच्या परिसरातील जोडवाहतूक, पायी आणि सायकलने येण्याच्या सोयींसह, प्रकल्प अहवालातच असावी, अशी त्यात अपेक्षा आहे. म्हणजे पुणे, नागपूर किंवा मुंबईत नव्या मार्गिकेच्या स्थानकाकडे जाणारा सायकल मार्ग मागताना पालिकेबरोबर मेट्रो यंत्रणेकडेही प्रस्ताव द्यावा आणि प्रकल्प अहवालातले संबंधित पान जोडावे.

स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले. त्याच अभियानांतर्गत २०२० मध्ये सायकलसाठी शहरांची स्पर्धा झाली होती आणि तिच्या विजेत्यांत नागपूर आणि पिंपरी चिंचवड होते. त्या शहरांत तेव्हाचे नकाशे, सर्वेक्षणे आणि चाचणी मार्गांचे अहवाल कार्यालयात असणारच. नव्याने सर्वेक्षण करण्यापूर्वी ते मिळवावेत. मिळत नसतील तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

ग्रामपंचायतींनी ‘आमचं गाव आमचा विकास’ आराखड्यातून जावे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती आणि ४० टक्के अबंधित होती. गावापासून शाळेपर्यंतची पक्की कड अबंधित भागात मागता येत असे. बंधित आणि अबंधित हा फरक समजून काम सुचवले की ग्रामसेवकही मदत करतात. रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर तिची परवानगी आधी घ्यावी.

सहावा टप्पा: फाइल आणि तिचे वेळापत्रक

फाइलमध्ये एका पानाचे टिपण सर्वांत वर असावे: कोणता मार्ग, किती लांब, कोणासाठी, किती खर्च, कोणते लेखाशीर्ष, संस्थेचा हिस्सा किती. त्यामागे ठराव, जाळ्याचा नकाशा, मोजणीचा तक्ता, जागेच्या मालकीचा उतारा किंवा दाखला, इतर विभागांची ना हरकत पत्रे, रस्त्याचे छेद, चौकाचा नकाशा, अंदाजपत्रक, छायाचित्रे आणि देखभालीची हमी. हेच काम दुसऱ्या योजनेतून मंजूर नसल्याचा दाखलाही जोडावा लागतो. तो अभियंत्याकडून आधीच घेऊन ठेवावा.

पुढे तांत्रिक मान्यता (आखणी आणि अंदाजपत्रक तपासून अभियंत्याने दिलेली), प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला सक्षम अधिकाऱ्याने दिलेली), निविदा आणि कार्यारंभ आदेश असा प्रवास असतो. यांतील प्रत्येक पायरीला आठवडे लागतात आणि पैसा ३१ मार्चच्या हिशेबाने चालतो. जिल्हा योजनेत काम घ्यायचे असेल तर फाइल दिवाळीपूर्वी पूर्ण असावी, कारण पुढच्या वर्षाचा आराखडा त्यानंतर ठरू लागतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवी मंजुरी आणि नवा कार्यारंभ आदेश थांबतो. ज्या वर्षी निवडणूक अपेक्षित आहे त्या वर्षी हे गणित आधीच मांडावे. आणि एक अनुभवाची गोष्ट: फेब्रुवारी-मार्चमध्ये अन्य कामे न झाल्याने काही शीर्षांत पैसा अखर्चित राहतो आणि पुनर्विनियोजनासाठी, म्हणजे तो दुसऱ्या कामांकडे वळवण्यासाठी, तयार कामांचा शोध सुरू होतो. त्या दिवसांत ज्यांच्याकडे तांत्रिक मान्यता मिळालेली फाइल असते त्यांचेच काम होते, म्हणून निधी नसतानाही तांत्रिक मान्यता घेऊन ठेवावी.

नागरिकांच्या गटाने हे लक्षात ठेवावे की अर्जदार स्थानिक संस्थाच असते. आपले काम म्हणजे संबंधित टेबलावर फाइल पूर्ण करून देणे, तिचा आवक क्रमांक घेणे आणि ठरावीक काळाने शांतपणे चौकशी करणे. कनिष्ठ अभियंत्याला विरोधक समजू नये. तो एकाच वेळी गटारे, रस्ते आणि पाणीपुरवठा सांभाळत असतो आणि तयार नकाशा देणारा माणूस त्याला हवाच असतो.

सातवा टप्पा: मंजुरीनंतर

निविदेत दोषदायित्व कालावधी (ज्या काळात दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असतात तो) किमान तीन वर्षांचा असावा आणि त्यात पृष्ठभागाबरोबर खांब, रंग आणि फलक यांचाही समावेश असावा, असा आग्रह धरावा. काम सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा जागेवर टेप घेऊन जावे. रुंदी, कठड्याची उंची, उतार आणि पाण्याचा निचरा या चार गोष्टी काँक्रीट ओतण्यापूर्वीच तपासता येतात. पाऊस पडल्यावर पाणी कुठे साठते याची छायाचित्रे दिनांकासह ठेवावीत, अंतिम देयकापूर्वी तीच उपयोगी पडतात. मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाची मापे लिहिण्याच्या कार्यालयीन वहीतील) नोंद आणि प्रत्यक्ष लांबी जुळते का, हे पाहण्याचा अधिकार नागरिकाला माहिती अधिकारात आहे.

विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे निधी मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता थांबतो आणि त्याहून वाईट म्हणजे त्या संस्थेचे पुढचे प्रस्ताव मागे पडतात. प्रमाणपत्रासोबत मार्ग सुरू झाल्यानंतरची नवी मोजणी जोडावी, पहिल्या मोजणीच्याच चौकांत आणि त्याच वेळांत केलेली. असे कोणी मागत नाही, पण दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव त्या दोन तक्त्यांवर उभा राहतो.

देखभालीसाठी अंदाजपत्रकात सायकल मार्गांचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडून घ्यावे, भले पहिल्या वर्षी त्यात रक्कम लहान असेल. लेखाशीर्ष असले की दरवर्षी त्यासमोर काहीतरी तरतूद करावी लागते, लेखापरीक्षणात त्याचा हिशेब विचारला जातो आणि झाडलोट, तुटलेली झाकणे, पुसलेला रंग यांसाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. झाडलोटीचे काम प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाच्या रोजच्या यादीत लेखी घालून घ्यावे, कारण फुटलेल्या बाटलीच्या काचा दोन दिवस पडून राहिल्या तरी शाळेची मुले सायकल पुन्हा मुख्य रस्त्यावर नेतात.